पालिकेच्या शाळेत जपानी भाषेचा वर्ग सुरू होतोय, काय बघून घ्यावं?

खडूवाली

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी झालीये, सांभाळून घ्या.

मी पालिकेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. एका संस्थेने आमच्याकडे प्रस्ताव आणलाय, जपानी भाषा आणि संस्कृतीचा वर्ग, आठवड्यातून दोन तास, शाळा सुटल्यावर, शिक्षक त्यांचा, पुस्तकं त्यांची, आपण फक्त खोली द्यायची आणि मुलं द्यायची. हेडबाई एकदम खूश. पालक त्याहून खूश, कारण मीटिंगमध्ये कुणीतरी ठोकून दिलं की जपानी आलं की जपानमध्ये नोकरी पक्की, मग काय, दुसऱ्या दिवशी नावं नोंदवायला रांग.

मला मुलांना काही नवीन मिळतंय याचा आनंदच आहे, उगाच मोडता घालणारी मी नाही. पण माझ्या वर्गातली निम्मी मुलं अजून मराठीचा उतारा अडखळत वाचतात, इंग्रजीचं तर विचारू नका, आणि त्यात जपानीला म्हणे एक नाही तीन लिप्या. हे झेपणार का? दुसरं म्हणजे त्या प्रस्तावात "संस्कृती" या सदराखाली जे लिहिलंय ते किमोनो घालून फोटो, ओरिगामी आणि वर्षाअखेर स्नेहसंमेलनात एक नाच. यातून मुलांना जपान कळणार की आमच्या शाळेला बॅनर मिळणार? आणि तिसरं, संस्थेचा उत्साह दोन वर्षांनी आटला तर काय, हे कुणीच विचारत नाहीये.

ज्यांनी शाळेतल्या मुलांना जपानी शिकवलंय किंवा असा उपक्रम जवळून बघितलाय त्यांनी स्पष्ट सांगा, गोड गोड नको.

---

कांजीग्रस्त

खडूवाली ताई, मी शाळकरी मुलांनाच शिकवतो त्यामुळे राहवलं नाही.

लिपीची भीती जरा बाजूला ठेवा. हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना ४६ अक्षरं, आणि कांजी म्हणजे ती चित्रासारखी दिसणारी. कांजीचा आकडा ऐकून सगळे घाबरतात, रोजच्या वापरातल्या म्हणून सरकारी यादीत २१३६ आहेत, पण जपानी मुलं स्वतः प्राथमिकच्या सहा वर्षांत १०२६ शिकतात आणि पहिलीत फक्त ८०. म्हणजे तिथलीच पोरं रोज शाळेत जाऊन इतक्या सावकाशीने शिकतात तर आठवड्याला दोन तासवाल्या मुलांकडून काय अपेक्षा ठेवायची ते आपण ठरवावं. पहिल्या वर्षी हिरागाना नीट आणि काताकानाची ओळख एवढं झालं तरी मी पेढे वाटेन.

उलट मराठी मुलांना काही गोष्टी फुकटात मिळतात ज्या इंग्रजीतून शिकणाऱ्यांना घाम फोडतात. क्रियापद शेवटी येतं. शब्दाच्या मागे वा, ओ, नि, दे असे प्रत्यय लागतात, आपल्या ला, ने, त सारखेच, त्यामुळे "मी शाळेला जातो" हे वाक्य जसंच्या तसं त्याच क्रमाने जपानीत बसतं. अक्षरांचा क्रमसुद्धा ओळखीचा, आधी स्वर आणि मग क स त न ह म य र व, कारण ती मांडणी बौद्ध भिक्खूंबरोबर गेलेल्या सिद्धम् लिपीच्या वर्णमालेवरून आलीय. आणि त्सुनामीतला त्सु म्हणताना इतरांची जीभ अडकते, आपल्या पोरांना चमच्यातला च म्हणता येतो म्हणजे काम झालं.

अडचण कुठे येते ते पण सांगतो. काताकानातले शि आणि त्सु, तसंच सो आणि न, या जोड्यांमध्ये फरक आहे तो फक्त फटकाऱ्याच्या दिशेचा, फळ्यावर खडूने काढले की मागच्या बाकावरून सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे मुलांच्या हातात कार्ड हवीत. आणि मोजणी! जपानीत नुसतं एक दोन तीन म्हणून भागत नाही, लांबट वस्तू वेगळ्या मोजायच्या, चपट्या वेगळ्या. पेन्सिली इप्पोन, निहोन, सानबोन आणि कागद इचिमाई, निमाई, सानमाई. पुस्तकातून शिकवलं तर वर्ग झोपतो. मी टेबलावर पेन्सिली आणि कागदांचा ढीग ओततो, दोन गट करतो, आणि एक गट ओरडतो ते दुसऱ्याने उचलून दाखवायचं. सहावीची पोरं यावर हाणामारीला येतात (चांगल्या अर्थाने).

म्हणून माझं मत, पहिले तीन-चार महिने तोंडी. हजेरी जपानीत, उभे राहा बसा जपानीत, कारुता खेळा. कारुता म्हणजे एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी जमिनीवर पसरलेल्या कार्डांतलं बरोबर कार्ड झडप घालून उचलायचं, चाळीस मुलांच्या वर्गात गट पाडून मस्त चालतं आणि अक्षरं कधी पाठ झाली कळत पण नाही. जी मुलं मराठी वाचनात मागे आहेत तीच कधी कधी इथे पुढे येतात, कारण इथे सगळ्यांची पाटी कोरी असते, कुणाच्या घरी कुणीच आधी शिकवलेलं नसतं. हे मी वारंवार पाहिलंय.

एक विनंती, रोमन लिपीत जपानी लिहून द्यायला देऊ नका. मुलं ते इंग्रजी समजून वाचतात आणि उच्चाराचा पार चुराडा होतो. सुरुवातीला देवनागरी चालेल, पण हिरागाना आली की तीही बंद.

---

चिमणीचा_बाबा

माझी मुलगी सातवीत आहे आणि मी त्या रांगेतल्या पालकांसारखाच एक आहे असं समजा 😅 नोकरीचं म्हणाल तर त्यात चूक काय? आम्ही काही हौस म्हणून मुलांना शाळेनंतर थांबवत नाही, घरी धाकट्याला सांभाळायला कुणी नसतं त्या वेळेत. परीक्षा कुठली द्यायची, सर्टिफिकेट कधी मिळतं, हे कुणी सरळ सांगेल का? एन-५ एन-४ असं काहीतरी ऐकलंय.

---

कांजीग्रस्त

@चिमणीचा_बाबा चूक काहीच नाही हो, फक्त पूर्ण चित्र घ्या.

जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा १९८४ पासून चालू आहे, २०१० पासून पाच पातळ्या, एन-५ सर्वात सोपी आणि एन-१ सर्वात अवघड. वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबर (सगळ्या केंद्रांवर दोन्ही वेळा होतेच असं नाही). वयाची अट नाही. एन-५ ला १८० पैकी ८० लागतात, शिवाय ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९ आणि बाकीच्या भागात १२० पैकी किमान ३८, म्हणजे पाठांतरावर एक भाग मारून नेला तरी दुसऱ्यात उडालात की नापास. आणि गंमत म्हणजे यात बोलायची परीक्षा नाही, लिहायची पण नाही, सगळे पर्याय निवडायचे. त्यामुळे एन-५ पास झालेला मुलगा जपानी माणसासमोर गप्प उभा राहतो यात नवल काही नाही.

नोकरीचं. एप्रिल २०१९ पासून जपानने स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर नावाचा व्हिसा सुरू केलाय, शेती, हॉटेल, बांधकाम, वृद्धांची देखभाल अशा कामांसाठी. त्याला वय १८ पूर्ण लागतं, त्या कामाच्या कौशल्याची परीक्षा लागते आणि भाषेसाठी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही जपानीची दुसरी परीक्षा, देखभालीच्या कामाला भाषेची आणखी एक वेगळी परीक्षा. म्हणजे सातवीतल्या मुलीच्या आणि त्या व्हिसाच्या मध्ये बरीच वर्षं आहेत आणि तोवर नियम बदलत राहणार, तिथली तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनाच २०२७ मध्ये बंद होऊन तिच्या जागी नवीन येतेय. ऑफिसातल्या नोकरीचं म्हणाल तर कंपन्या साधारण एन-२ विचारतात. शाळेतल्या वर्गाने पाया होतो, पुढचं कॉलेजात जाऊन करायचं. आत्ताच "नोकरी पक्की" म्हणणाऱ्याला लेखी मागा, कसा गप्प होतो बघा.

---

जुना_हेडमास्तर

खडूवालीबाई, तुमचा तिसरा प्रश्न खरं तर पहिला असायला हवा होता.

शाळांमध्ये परकी भाषा टिकते ती कशाने हे जगभर बघितलं तर उत्तर एकच दिसतं, शाळेच्या वेळापत्रकात जागा आणि शाळेच्या पगारावरचा शिक्षक. अमेरिकेत पोर्टलंडला रिचमंड नावाची सरकारी प्राथमिक शाळा आहे, तिथे १९८९ पासून अर्धा दिवस जपानीतून आणि अर्धा दिवस इंग्रजीतून शिकवतात, आणि त्या मुलांना पुढे माध्यमिकमध्येही तोच धागा मिळतो. मेलबर्नला हंटिंगडेल ही सरकारी प्राथमिक शाळा, तिथेही काही विषय जपानीतूनच. यांच्यात विशेष काय तर जपानी हा जादा तास नाही, तो शाळेचा भाग आहे, एखादे सर गेले तरी शाळा दुसरे नेमते.

आता उलट उदाहरण. इंडोनेशियात जपानी शिकणारे २०१२ मध्ये ८ लाख ७० हजारांच्या वर होते, त्यातली बहुसंख्य शाळेतली मुलं. मग नव्या अभ्यासक्रमात दुसरी परकी भाषा सक्तीची राहिली नाही, ऐच्छिक झाली, आणि २०१५ च्या मोजणीत आकडा साडेसात लाखांच्या खाली. एवढ्या मोठ्या देशात जिथे पिढ्यान् पिढ्या जपानी शिकवतायत तिथे सरकारी कागदावरच्या एका ओळीने लाखभर मुलं कमी होतात, तर तुमच्या शाळा सुटल्यानंतरच्या दोन तासांचं काय घेऊन बसलात.

बाहेरून येणारा माणूस कितीही चांगला असो, तो जातो. जायका या जपानच्या सरकारी मदत संस्थेचे स्वयंसेवक १९६५ पासून जगभर जातायत, जपानी शिकवणारेही असतात त्यांच्यात, मनापासून काम करतात, पण त्यांची मुदत साधारण दोन वर्षांची. आमच्या शाळेत परक्या भाषेचा वर्ग (जपानी नव्हे, दुसरी) असाच बाहेरच्या भरवशावर चालला आणि ज्या जूनमध्ये बाई आल्या नाहीत त्या जूनमध्ये संपला, कपाटात शब्दकोश मात्र बरेच दिवस होते.

म्हणून संस्थेला एकच अट घाला. त्यांच्या शिक्षकाबरोबर तुमच्या शाळेतला एक कायम शिक्षक पहिल्या दिवसापासून वर्गात बसेल, मुलांबरोबर शिकेल, आणि त्याची एन-५, एन-४ ची तयारी संस्था करून घेईल. त्याला शिकवण्याचं तंत्र येतंच, भाषेत तो मुलांच्या दोन पावलं पुढे असला तरी पहिली दोन वर्षं निभावतं. जपान फाउंडेशनचं मिनातो म्हणून ऑनलाइन व्यासपीठ आहे, त्यावर मारुगोतो या पाठ्यपुस्तकाचे कोर्स घरबसल्या करता येतात, आणि इरोदोरी हे पुस्तक तर पूर्ण फुकट उतरवून घेता येतं. इरोदोरी मोठ्यांसाठी आहे, नोकरी-बाजार-दवाखाना असं, मुलांना देऊ नका, शिक्षकाला द्या.

---

खडूवाली

जुना_हेडमास्तर सर, हे पटलं. फक्त तो "कायम शिक्षक" कोण होणार हे मला आत्ताच दिसतंय 😐 जनगणना, निवडणूक, पोषण आहार, आणि आता जपानी.

कांजीग्रस्त, पेन्सिलींचा खेळ उद्याच मराठीत करून बघते.

अजून एक विचारायचं राहिलं. संस्थेच्या त्या मॅडम म्हणाल्या की नाच नको असेल तर जपानी शाळांसारखी मुलांकडून शाळेची सफाई करून घेऊ, तीच खरी संस्कृती, शिस्त लागते. ऐकायला छान वाटलं पण माझ्या पोटात कालवाकालव झाली. आमच्या मुलांच्या आया दुसऱ्यांच्या घरी झाडू मारतात. घरी मुलीच झाडतात. यात शाळेने पण झाडू हातात द्यायचा?

---

चिबाकर

जपानात राहतो, चिबा प्रांतात, मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत आहे. सफाईवर बोलायलाच हवं कारण सोशल मीडियावर त्याचं जे काही करून ठेवलंय ते बघून हसू येतं.

इथे जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं सफाई असते हे खरं. पण ती कशी असते? अख्खा वर्ग गटांत वाटलेला, या आठवड्यात तुम्ही जिना, पुढच्या आठवड्यात फळा, त्याच्या पुढे व्हरांडा, मुलगा-मुलगी असा फरक नाही, आणि वर्गशिक्षक स्वतः फडकं घेऊन मुलांच्या शेजारी गुडघ्यावर बसलेले असतात. प्रत्येक मुलाचं घरून शिवून आणलेलं फडकं, त्याच्या खुर्चीला चिमट्याने लटकवलेलं. शाळेत आत घालायचे पांढरे बूट वेगळे, ते आठवड्याअखेर घरी आणून धुवायचे.

मला त्याहून आवडते ती जेवणाची पाळी. इथे बहुतेक शाळांत जेवणाची वेगळी खोली नसते, वर्गातच जेवतात, आणि त्या आठवड्याची पाळीवाली मुलं पांढरे कोट आणि टोप्या घालून सगळ्यांना वाढतात. तो कोट शाळेचा असतो, मुलाचा नाही. शुक्रवारी घरी न्यायचा, धुवायचा, इस्त्री करायची आणि सोमवारी पुढच्याच्या हवाली करायचा. एकदा बटण तुटलं तर माझ्या मुलीने रविवारी रात्री मला ते लावायला बसवलं, कारण सोमवारी तो दुसऱ्याच मुलाच्या अंगावर जाणार होता. संस्कृती दाखवायचीच असेल तर मॅडमना सांगा की ही दाखवा.

याला इथे तोक्कात्सु म्हणतात, वर्गसभा, पाळ्या, खेळांचा दिवस, हे सगळं त्यात येतं आणि ते अभ्यासक्रमाचा भाग आहे. इजिप्तने हेच उचललं, २०१८ पासून तिथे इजिप्त-जपान शाळा सुरू झाल्या. त्यामुळे परक्या देशात जमत नाही असं नाही. पण शिक्षक खुर्चीत, मुलं झाडूला, असं असेल तर ती वेठबिगारी झाली, तिला जपानी नाव देऊन पावन होत नाही. तुमच्या शाळेत गुरुजी आणि हेडबाई फडकं धरणार असतील, आणि मुलग्यांची पाळी चुकणार नसेल, तरच करा. मुलींनी झाडायचं आणि मुलग्यांनी बाक उचलायचे असं झालं तर थांबवा.

आणि दुसरी बाजूही सांगा मुलांना, आठवीची मुलं काही कुक्कुली नाहीत. इथे प्राथमिक आणि माध्यमिक मिळून शाळा टाळणाऱ्या, म्हणजे वर्षात ३० किंवा जास्त दिवस गैरहजर राहिलेल्या मुलांचा आकडा २०२३ च्या शैक्षणिक वर्षात ३ लाख ४६ हजारांवर गेला. केस जन्मतः तपकिरी असले तरी काळे करून या, असा नियम कित्येक शाळांत होता, तोक्योच्या सरकारी हायस्कूल्समधून २०२२ मध्ये तो गेला. नुसती शिस्त शिस्त करत जपानची आरती ओवाळली की मुलांना वाटतं तिकडे देव राहतात. आणि सगळे एकसारखेच असंही नाही, तोक्योतल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये निवडून आलेले योगी पुराणिक हे आपले मराठी, ते २०२३ मध्ये इबाराकीतल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. तुमच्या वर्गातल्या मुलांना किमोनोपेक्षा हे ऐकायला जास्त आवडेल अशी माझी पैज.

---

बॅकबेंचर

सगळे मोठे लोक बोलून झाले असतील तर मी बोलू का, मी अशाच एका शाळेतल्या वर्गातून जपानी शिकलो 😄

आम्ही ३० जण होतो, दिवाळीपर्यंत १२ उरलो आणि उरलेले सगळे ॲनिमेवाले, म्हणजे जपानी कार्टूनचे वेडे. लाज वाटून घेऊ नका, ॲनिमे चालू द्या, पण तिथली भाषा वर्गात वापरू नका हे पहिल्याच दिवशी सांगा, आमच्यातला एक जण पाहुण्या जपानी आजोबांना "ओमाए" म्हणाला होता, म्हणजे डायरेक्ट "ए तू". आजोबा हसले, सर पांढरे पडले.

गळती थांबवायला एक सांगतो, वाचायला काहीतरी पाहिजे जे पूर्ण होतं. तादोकु म्हणून जी सोपी चित्रांची पुस्तकं असतात ना, शून्य पातळीपासून, त्यातली बरीच नेटवर फुकट आहेत, प्रिंट काढा. एका तासात अख्खं पुस्तक वाचून संपलं की जो माज येतो तो एन-५ च्या सर्टिफिकेटने पण नाही आला.

आणि कामिशिबाई करा, ते चित्रांचे मोठे कागद एकामागून एक सरकवत गोष्ट सांगतात ते. मजकूर मागच्या बाजूला असतो त्यामुळे पाठ नसलं तरी चालतं, लाजरी पोरं कागदामागे लपून बोलतात 😂

---

खडूवाली

@बॅकबेंचर तू माझ्या वर्गात हवा होतास, किंवा बरं झालं नव्हतास.

आज हेडबाईंशी बोलले. नाच रद्द, त्याऐवजी कामिशिबाई, गोष्टी आमच्या मुलांच्याच, संवाद जपानीत. सफाईचं मी चिबाकरांची पोस्टच वाचून दाखवली, "शिक्षक स्वतः फडकं घेऊन" इथे स्टाफरूममध्ये जी शांतता पसरली ती काय सांगू. तो मुद्दा आपोआप पुढच्या वर्षावर गेला. सोबत बसणारा शिक्षक म्हणून मी आणि आमचे गणिताचे सर, दोघं, म्हणजे एकाची बदली झाली तरी एक उरेल. हे लेखी करारात घालायचं संस्थेने मान्य केलंय, जरा कुरकुरत. पालकांसाठी एक पानाचं पत्रक काढतेय, त्यात परीक्षा आणि नोकरीचं कांजीग्रस्तांनी लिहिलंय तसं सरळ, कुणाला मग नाव काढून घ्यायचं असेल तर काढू दे. चिमणीचा बाबा, शाळेनंतर धाकट्याला सांभाळायचा तुमचा मुद्दा मात्र डोक्यात राहिलाय, आमच्याकडेही अशा मुली आहेत, त्यांच्यासाठी वर्ग शाळा भरण्याआधी घेता येतो का बघतेय.

शेवटचं, तिकडच्या एखाद्या शाळेशी मुलांचा पत्रव्यवहार करायचा मनात आहे. कधी सुरू करावा?

---

चिबाकर

इथलं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण ऑगस्ट संपेपर्यंत सुट्टी, आणि मार्चमध्ये वर्ष संपून वर्ग बदलतात, बरेचदा शिक्षकही. त्यामुळे मे-जूनमध्ये पहिलं पत्र आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसरं हे बरं. फेब्रुवारीत पाठवलंत तर उत्तर द्यायला तो वर्गच शिल्लक नसेल. थेट व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नका, वेळा जुळत नाहीत आणि नेट ऐनवेळी दगा देतं, दोन मिनिटांचे व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवा. मुलांच्या चेहऱ्यांबाबत इथल्या शाळा फार कडक असतात, त्यांनी पाठवलेला फोटो परवानगी न विचारता शाळेच्या फेसबुकवर टाकलात तर पुढचं पत्र येणार नाही. तेवढं ते बॅनरवाल्या मंडळींना आधीच सांगून ठेवा.